नाळेतला हात

नव्या होडीचं नाक टोचायचं असलं की खडप्याच्या बंदरावर सगळं गाव लोटत असे. बायका नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावत. आयुष्यभर होडीचं सुकाणू धरलेला एखादा म्हातारा तांडेल नारळ वाढवी. मग मालक एकटाच होडीत चढे, ती खोल पाण्यात वळवून घेई आणि इंजिनाला पुरता वेग देऊन सरळ बंदराच्या तोंडाशी असलेल्या काळ्या खडकावर येई. कडाडकन आवाज होई, नाळ फुटे आणि काठावरचं माणूस न् माणूस गप्प होई.

हेरंब तारीची ‘जानकी’ आदळली तेव्हाही तसंच झालं. भगदाडातून मधाच्या रंगाचा दाट रस बाहेर आला. लाटेचं पाणी लागताच तो फसफसला, फुगला, त्यातून पांढरी वाफ निघाली. बघता बघता जखम भरून आली आणि तिथं नारळाएवढं टेंगूळ उभं राहिलं. हेरंबनं होडी मागे घेतली, वाकून त्या टेंगळावर बुक्की मारली आणि हात वर केला. ढोल वाजू लागले. त्याची बायको शुभदा आरतीचं ताट घेऊन गुडघाभर पाण्यात उतरली.

लिलावाच्या शेडच्या खांबाला टेकून हेरंबची थोरली बहीण संज्योत हे पाहत होती. होडी तिच्याच कारखान्यात घडली होती. या किनाऱ्यावरच्या असल्या सगळ्याच होड्या तिथं घडत. नाक टोचण्याची प्रथाही तिच्याच एका वाक्यातून निघाली होती, पण ते आता तिच्याशिवाय कुणाच्या लक्षात नव्हतं. पहिली होडी चुकून खडकावर गेली आणि आपली आपण भरून आली, तेव्हा भेदरलेल्या खलाशांना धीर द्यायला ती म्हणाली होती, की दुखावलेली जागा आता आधीपेक्षा टणक झाली आहे. त्या मोसमात त्या होडीला मासळीही रग्गड मिळाली. झालं. पुढच्या वर्षापासून बिनटेंगळाची होडी समुद्रात न्यायला कुणी तयार होईना.

संज्योत तरुणपणी पवनचक्क्यांची पाती बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला होती. तिथली पद्धत तिनं इथं आणली. पद्धत तशी जुनीच. काचेच्या धाग्यांचं कोरडं कापड साच्यात थरावर थर अंथरायचं, वरून प्लॅस्टिकची पिशवी पसरायची, तिच्या कडा चिकट पट्टीनं बंद करायच्या आणि पंपानं आतली हवा ओढून घ्यायची. हवा गेली की बाहेरच्या हवेचं वजन कापडावर बसतं. तळहाताएवढ्या जागेवर एक धट्टाकट्टा माणूस उभा राहावा, इतकं. मग एका नळीतून रेझिन सोडायचं. लोक त्याला राळच म्हणत, लाकडी होड्यांच्या काळापासून तोंडात बसलेला शब्द होता तो. आतली पोकळी राळेला ओढून घेते आणि भिंतीवर ओल चढावी तशी ती कापडभर पसरत जाते. पिशवीला सुईएवढं भोक राहिलं तरी केलेलं काम फुकट. म्हणून आधी पंपाची नळी लोखंडी चिमट्यानं दाबून बंद करायची आणि मापकाचा काटा बघत बसायचं. काटा जागचा हलला नाही तर पिशवी धड आहे असं समजायचं.

संज्योतची कल्पना एवढीच होती, की होडी तयार झाल्यावरही ही पोकळी सोडायची नाही. तिच्या होडीला दोन कातड्या होत्या. त्यांच्यामध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखे लहान लहान कप्पे, कप्प्यांत कोरडं कापड आणि कापडाला लागून राळेच्या पातळ पिशव्या. सगळ्या कप्प्यांतल्या बारीक नळ्या एका छोट्या पंपाला जोडलेल्या. राळ वेगळ्या जातीची होती. मोडलेल्या हाताला इस्पितळात जी पट्टी बांधतात, ती जशी पाणी लागल्यावर दगड होते, तशी. होडीला भोक पडलं की समुद्राच्या दाबानं पिशवी फुटे, पोकळी राळेला कापडात खेचून घेई आणि मागून येणारं पाणी तिला जागच्या जागी गोठवी. गोठताना राळ तापत असे. थर जितका जाड, तितका ताप जास्त. एवढी एक गोष्ट मात्र तिला पहिल्यापासून खटकत होती.

तिचे आणि हेरंबचे वडील समुद्रात बुडून गेले, तेव्हा होडीला पडलेलं भोक टोपलीच्या तोंडाएवढंही नव्हतं. आपण त्याच भोकावर इलाज शोधला, असं तिला वाटे. खडप्याच्या शेजारच्या भाटण्याच्या बंदरातून लोक आले, तेव्हा तिनं त्यांनाही होड्या दिल्या. हेरंब त्यावरून भांडला होता. बुडायचं कुणीच नाही, एवढंच उत्तर तिनं दिलं होतं.

दोन्ही बंदरांचं हाडवैर जुनं होतं. भाटण्याचे लोक पाण्यावर प्रखर दिवे लावून मासे गोळा करत आणि खडप्याची जाळी रिकामी येत, हे त्याचं कारण. पूर्वी भर समुद्रात दगड, बाटल्या चालत, जाळी कापली जात, एखाद्याचं डोकं फुटे. पण होडीवर होडी कुणी घालत नसे. फुटली तर दोन्ही फुटणार आणि दोघंही बुडणार, हे प्रत्येक तांडेलाला ठाऊक होतं. दोन होड्यांमधलं ते अंतर कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, भीतीनंच ते राखलं होतं. संज्योतनं भीती काढून घेतली आणि तिच्याबरोबर अंतरही गेलं, हे कळायला तिला फार उशीर झाला. कदाचित तिला ते कळून घ्यायचंही नसेल. सुरुवातीला नुसत्या धडका होत्या. मग कोणाच्या नाळेला किती टेंगळं, यावर पैजा लागू लागल्या. मग खलाशी पाण्यात पडू लागले, आणि पडलेल्यांपैकी सगळेच वर येईनात.

गणपतीच्या आधी ‘जानकी’ धुवायला वाळूवर ओढली होती. संज्योत नाळेचे कप्पे तपासत होती. बोटांच्या गाठींनी ठोकत ती खालपर्यंत आली आणि एका टेंगळाशी थांबली. गोठलेल्या पिवळट राळेत काहीतरी निळं दिसत होतं. तिनं पदरानं जागा पुसली. शर्टाची बाही होती ती. बाहीला पांढरं बटण होतं आणि बटणाजवळ केसांचा पुंजका, मधात अडकलेल्या माशीसारखा स्वच्छ दिसणारा.

हेरंब मागे येऊन उभा राहिला होता. तिनं विचारलं, “ह्या काय असा?”

“कापड.”

“कोणाचा?”

त्यानं विडी पेटवली. भाटण्याची एक जुनी लाकडी होडी होती, आत दोघं होते, असं त्यानं सांगितलं. एक पोहून गेला.

“ते मधी इले, ताय. माका वळाक जागा होती. मी वळलंय नाय.”

“माणूस मेलो, हेरंबा.”

“होडयेन मारल्यान. मी फक्त सुकाणू धरलंय.”

हे तो उद्धटपणे म्हणाला असता तर तिनं त्याला थोबाडीत मारली असती. पण तो अगदी मनापासून बोलत होता. हाताला काही लागलं नाही, काही जाणवलं नाही, होडी थोडी थरथरली आणि पुढे गेली, इतकंच त्याच्या आठवणीत होतं. त्या दिवसापासून संज्योतला एकच घोर लागला. हेरंब पुन्हा कुणाला तरी मारणार, किंवा त्याला कुणीतरी मारणार. आणि दोन्ही वेळा हत्यार तिच्याच कारखान्यातलं असणार.

चार दिवसांनी भाटण्याचे रजनीकांत आडकर कारखान्यात आले. साठीकडे झुकलेले, पांढरी टोपी, अदबीनं बोलणारे तांडेल. शेडमध्ये येताना त्यांनी चपला दाराशी काढल्या. निळा शर्ट त्यांच्या भाच्याचा होता.

“बाय, माझो भाचो तुमच्या भावाच्या नाळेखाली गेलो,” ते म्हणाले. “मी भांडूक नाय इलंय. माका फक्त माझ्या होडयेची, ‘सातेरी’ची, नाळ जाड करून व्हयी.”

संज्योतनं मान हलवली. यापुढे कुणाचीच नाळ आपण जाड करणार नाही, ती म्हणाली.

“भावाची करून झाली, आता दार बंद.” आडकर हसले. त्या हसण्यात राग दिसेना, तेच तिला जास्त लागलं. त्यांनी चपला घातल्या आणि जाता जाता साच्यावर ताणलेल्या पिशवीवर तळवा ठेवून पाहिला, गाभण म्हशीच्या पोटावर ठेवावा तसा.

मग ‘सातेरी’ची नाळ आडकरांनी स्वतःच जाड केली. रोज उठून ते ती खडकावर नेत, एकदा आदळत आणि परत आणत. भाटण्यातले लोक काठावर बसून पाहत. टेंगळावर टेंगूळ चढत गेलं. ही बातमी खडप्याला पोचली, तेव्हा हेरंबच्या खलाशांनी टाळ्या दिल्या. संज्योत मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच ‘जानकी’वर चढून बसली.

पोकळी नीट धरते का ते भर समुद्रात पाहायचं आहे, असं तिनं सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. आपण आत असलो तर हेरंब कुणाच्या अंगावर होडी घालणार नाही, हा तिचा हिशेब. हेरंबला तो कळला असावा. त्यानं तिला इंजिनाच्या पेटीजवळ बसायला सांगितलं. राजन मेतर नावाचा खलाशी, अखंड बडबडणारा, तेवढा म्हणाला, “ताय इली हा. म्हणजे आज दगडांच्या जागी फुला टाकूची.” सगळे हसले. संज्योतही हसली.

हिशेब तिच्या भावापुरता बरोबर होता. आडकरांना मात्र ती आत आहे हे माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी ते थांबले असते का, कोण जाणे.

ऊन चांगलं वर आलं होतं. जाळं अर्धं पाण्यात होतं, तोच ‘सातेरी’ उन्हाच्या बाजूनं आली. तिची नाळ आता नाळ दिसतच नव्हती. वारुळासारखं काहीतरी पुढे करून ती येत होती. हेरंबनं जाळं कापायला सांगितलं, सुकाणू धरलं आणि एकदा वळून बहिणीकडे पाहिलं. मग त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच होडी बाजूला घेतली.

ती पुरती वळली नाही. दोन्ही नाळा तिरप्या भिडल्या, एकमेकींत घुसल्या आणि करवती एकमेकींवर ओढाव्यात तशा एकमेकींना सोलत गेल्या. संज्योत इंजिनाच्या पेटीवर आपटली. तिनं मान वर केली, तेव्हा राजन मेतर कठड्यावरून दोन होड्यांच्या फटीत पडत होता. लाटेनं होड्या पुन्हा जवळ आल्या. आतून आवाज आला नाही. फक्त पाणी लाल झालं आणि लगेच धुतलं गेलं.

भाटण्याचे खलाशी उड्या मारून आले. कोयते होते, वल्ही होती, बर्फ फोडायच्या लोखंडी पहारी होत्या. एकाची पहार खडप्याच्या एका खलाशाच्या जबड्यावर बसली आणि तो दात थुंकत गुडघ्यावर आला. हेरंबनं कोयता उचलून समोरच्याच्या खांद्यात घातला. दुसऱ्याला त्यानं केसांना धरून कठड्यावर आपटलं, पुन्हा आपटलं, तो हलायचा थांबेपर्यंत. तेलावर, रक्तावर आणि माशांच्या खवल्यांवर सगळ्यांचे पाय सटकत होते. पडलेल्याला उठू देत नव्हते.

या गदारोळात संज्योतला आणखी एक आवाज ऐकू आला. फसफसण्याचा.

ती रांगत नाळेकडे गेली. दोन्ही होड्यांची कातडी फाटली होती, आणि जखमा समोरासमोर आल्या होत्या. ‘जानकी’ची राळ ‘सातेरी’च्या कापडात शिरत होती, ‘सातेरी’ची ‘जानकी’च्या. दोन्ही होड्या आपापली जखम समजून एकमेकींना भरून काढत होत्या. ‘सातेरी’च्या सुकाणूवरच्या माणसानं इंजिन उलटं फिरवलं, पण होडी सुटेना. ‘जानकी’नंही जोर केला. दोन्ही इंजिनं ओरडत होती आणि दोन्ही होड्या एकाच जागी गरगर फिरत होत्या.

आडकर नाळेवर पालथे पडले होते. होड्या भिडताना हातातल्या लोखंडी आकड्यासकट ते पुढे फेकले गेले होते, आणि उजवा हात कोपरापर्यंत फटीत गेला होता. आता फट उरली नव्हती. फुगलेली पिवळी राळ कोपराशी येऊन टेकली होती आणि तिच्यातून वाफ येत होती. जळक्या मांसाचा वास आला.

संज्योतनं राळेला हात लावला आणि झटक्यानं मागे घेतला. जाड थराचा ताप. इथं तर दोन होड्यांचा थर होता. आतला हात गेलाच होता. पण राळ अजून फुगत होती, दंडाकडे चढत होती, आणि प्रत्येक लाटेसरशी जोडलेल्या होड्या पिळवटत होत्या. त्यांच्याबरोबर माणूसही.

तिनं किंचाळून भावाला बोलावलं. हेरंब कोयता घेऊनच धावत आला. आडकरांना पाहून त्यानं तो वर उचलला, मारायलाच उचलला असावा, आणि मग सगळं त्याच्या ध्यानात आलं. मागच्या मारामारीतले लोकही एकेक करून थबकले.

आडकरांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते हेरंबकडे बघत म्हणाले, “काप रे.”

हेरंबनं घाव घातला. तो हाडापर्यंत गेला नाही. रक्त त्याच्या तोंडावर उडालं, आणि ज्यानं आत्ताच एका माणसाला कठड्यावर आपटून थंड केलं होतं, त्याला दुसरा घाव घालवेना. रागात मारणं त्याला जमलं होतं. होडीनं मारणं तर त्याहून सोपं गेलं होतं. समोरचा माणूस मान वळवून दंड पुढे करतो, तेव्हा काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. कोयता त्याच्या हातून गळून पडला. तो बाजूला सरकला.

संज्योतनं जाळ्याची दोरी आडकरांच्या दंडाला आवळली. एका टोकाला तिनं दात लावले, दुसरं भाटण्याच्या खलाशाला ओढायला सांगितलं. मग कोयता उचलला. ती मासे कापत वाढलेली बाई होती. सांधा कुठं असतो, पातं कसं तिरपं धरायचं, हे हाताला माहीत होतं. तिनं तेवढंच मनात आणलं आणि बाकी काही येऊ दिलं नाही. आडकर ओरडले नाहीत. हात सुटला, तेव्हा मात्र त्यांच्या तोंडून लहान मुलासारखा आवाज निघाला.

मारामारी तिथंच संपली. कुणाला पश्चात्ताप झाला असं नाही. पळायला जागाच नव्हती, कारण दोन्ही बाजूंचे लोक आता एकाच होडीत होते. जखमी मध्ये झोपवले, मेलेल्यांवर ताडपत्री टाकली, आणि सगळे आपापल्या बाजूला पाठ करून बसून राहिले.

दुसऱ्या होड्यांनी ती जोड होडी ओढून दोन बंदरांच्या मधल्या वाळूच्या पुळणीवर आणली, कारण कुठल्याच बंदरानं तिला घेतलं नसतं. पोलीस आले, अपघात म्हणून लिहून घेऊन गेले. कोणीच तोंड उघडलं नाही. राजन मेतरचं जे काही मिळालं, त्याला खडप्याच्या स्मशानात अग्नी दिला.

खडप्यात तेरावं झालं आणि लगेच पुढच्या लढाईची बोलणी सुरू झाली. आता हेरंब नको, दुसरा कुणी पुढे जाऊ दे, एवढाच फरक. भाटण्यातही तेच चाललं असणार. संज्योतनं कारखान्याला कुलूप घातलं, पण त्यानं काय होणार होतं? तिच्या होड्या दोन्ही बंदरांत रांगेनं उभ्या होत्या, आणि त्या मरत नव्हत्या.

दंडाला पट्ट्या बांधलेले आडकर पुन्हा तिच्या दारात आले. या वेळी त्यांना चपला काढायला वेळ लागला.

“बाय, माझो हात तुमच्या होडयेत असा. त्येका अग्नी दिवूचो असा. हात मागे ठेवून मी जावचंय नाय.”

त्यांना पैसे नको होते, माफीही नको होती. देह अर्धा जळणार आणि अर्धा पुळणीवर उघडा राहणार, हे त्यांना झोपू देत नव्हतं. भाटण्याची माणसं करवत घेऊन गेली होती. पातं तापू नये म्हणून पाणी मारावं लागे, आणि पाणी लागलं की होडी पात्यामागं भरून येई. करवत तशीच अडकून बसली होती.

संज्योतनं त्यांच्यापुढे बसायला पाट सरकवला. मग तिनं त्यांना सांगितलं, की दोन्ही होड्या माराव्या लागतील, आणि तुमच्या बंदरातल्या सगळ्यांना पुळणीवर घेऊन या. बायकांनाही.

पुळणीवर खडप्याचे लोक एका बाजूला उभे राहिले, भाटण्याचे दुसऱ्या. मधे ती दोन शेपट्यांची होडी पडली होती. नाळेतून करवतीची मूठ बाहेर आली होती आणि राळेत खोलवर, पिवळ्या अंधारात, आकडा धरलेली पाच बोटं दिसत होती. संज्योत हेरंबजवळ गेली.

“होडी मरतली?” त्यानं विचारलं.

“होय.”

त्यानं त्या बोटांकडे पाहिलं. आपण कुणाच्या अंगावर होडी घातली की आत काय राहतं, हे त्यानं इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. निळ्या बाहीच्या वेळी त्यानं विडी पेटवली होती.

“मार,” तो म्हणाला.

हे काम तिला एकटीला, कुणाला न दाखवता करता आलं असतं. तिनं तसं केलं नाही. तिनं इंजिनाच्या पेटीचं झाकण उघडून बाजूला फेकलं आणि एरवी चारचौघांत बोलायला कचरणारी ही बाई, शाळेत शिकवावं तसं, मोठ्यानं सांगू लागली. ही पितळेची छोटी तोटी दिसते ना? हिच्यातून हवा आत जाते. झटक्यानं उघडली तर भोक पडलं असं समजून कप्प्यांची दारं आपोआप मिटतात आणि काही होत नाही. हळू फिरवायची, भाताचं झाकण उचलतो तशी. समुद्राची दमट हवा एकदा आत शिरली, की कापड ओलं होतं आणि होडी साधी होते. साध्या होडीसारखी फुटते, साध्या होडीसारखी बुडते. बाहेरून फरक दिसत नाही.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, की तांडेलाच्या समोर मापक असतो, काटा खाली येईल आणि त्याला कळेल.

“नाही कळणार,” संज्योत म्हणाली. तिनं कमरेला खोचलेला लोखंडी चिमटा काढला, पिशव्या तपासताना लावतात तो. “आधी मापकाची नळी अशी दाबायची. काटा होता तिथंच राहतो. मग तोटी.”

तिनं तोटी फिरवली. आतून एक लांब उसासा आला. दोन्ही बाजूंच्या तांडेलांचे चेहरे बदलत गेलेले तिनं पाहिले. शत्रूला गुपित कळलं म्हणून ते घाबरले असतील, असं आधी तिला वाटलं. पण ते समोरच्या बंदराकडे पाहत नव्हते. प्रत्येक जण आपल्याच खलाशांकडे पाहत होता.

करवत आता सरळ गेली. हाताचा ठोकळा निघाला, तो आडकरांनी छातीशी धरला. पुळणीवरच चिता रचली होती. राळ जळताना काळाकुट्ट धूर उठला, दोन्ही बाजूंचे लोक खोकत वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले. हेरंबनं पुढे होऊन चितेवर एक लाकूड ठेवलं. आडकरांनी ते पाहिलं, आणि तोंड फिरवलं.

मोसम पुन्हा सुरू झाला. एक नवी होडी आधीच बनून पडली होती, तिचं नाक टोचायला गाव जमलं. हळदकुंकू झालं, नारळ वाढवला. मालकानं होडी खोल पाण्यात वळवली, वेग दिला, आणि खडक जवळ आला तेव्हा कुणाला काही कळायच्या आत सुकाणू फिरवून तो बाजूनं निघून गेला. ढोलवाले वाजवायचं विसरले. कुणी हसलं नाही. जमलेल्या प्रत्येक पुरुषाच्या मनात तोच प्रश्न असणार. काटा तर बरोबर जागेवर आहे, पण तो खरा आहे का?

समुद्रात शिव्या पुन्हा सुरू झाल्या. दगड, बाटल्याही. पण होड्या दगडाच्या टप्प्यावरच थांबू लागल्या.

हेरंब चुलत्याच्या, संज्योतच्याच कारखान्यात घडलेल्या जुन्या होडीवर तांडेल म्हणून जायला लागला होता. एका दुपारी तो संज्योतच्या ओसरीवर येऊन बसला. बराच वेळ त्यानं इकडचं तिकडचं केलं. मग खालच्या आवाजात विचारलं, “ताय, खरा सांग. माझ्या होडयेची तोटी कोणी उघडल्यान काय?”

“माका म्हायत नाय,” संज्योत म्हणाली. ते खरंच होतं. कारखान्यात चिमट्यांचं एक खोकं होतं, आणि परवा ती काही कामासाठी आत गेली तेव्हा ते रिकामं होतं, एवढंच तिला माहीत होतं. दाराचं कुलूप शाबूत होतं. मागची खिडकी मात्र मुळात कधीच नीट बसत नव्हती.

हेरंब उठून बंदरावर गेला. संज्योत त्याच्यामागून हळूहळू चालत गेली. लिलावाच्या शेडमध्ये बायका मासे निवडत बसल्या होत्या. मधे शुभदा होती, सुरमईच्या पोटात सुरी घालून, शेजारणीशी कुणाच्या तरी सुनेबद्दल हसत बोलत. वाकली की तिचं मंगळसूत्र पुढे लोंबे. त्यात नेहमीच्या सेफ्टीपिनांचा झुबका होता, आणि झुबक्यात एक छोटा लोखंडी चिमटा.

संज्योतनं बाकीच्या बायकांच्या गळ्यांकडे पाहिलं. मग ती पदर खोचून त्यांच्यात जाऊन बसली आणि टोपली पुढे ओढून मासे निवडू लागली.